अडुसष्ट भोकांचं कार्ड

माणूस निवृत्त झाला की मागे राहिलेले त्याच्याबद्दल चांगलंच बोलतात, अशी रीत आहे. देवकुळे सरांच्या बाबतीत आमच्या कंपनीत ती कुणी पाळली नाही. ते गेटबाहेर पडून पंधरा मिनिटं झाली नसतील, तोवर कँटीनमध्ये त्यांची नक्कल सुरू झाली होती आणि हसणाऱ्यांत मीही होते. नक्कल करायला सोपे होते ते. चष्मा कपाळावर, उजव्या हाताची दोन बोटं वर आणि तोंडात एकच वाक्य, "मागे व्हा. पिवळ्या पट्टीच्या मागे."

आमची कंपनी महाळुंग्यात. गाड्यांच्या दारांचे पत्रे दाबून काढतो आम्ही. मी स्टोअरला आहे, अकरा वर्षं झाली. देवकुळे मेंटेनन्सचे सगळ्यांत जुने इंजिनिअर. दाबायचं काम ज्या चार प्रेसवर होतं, त्या परदेशातून वापरून झालेल्या आणलेल्या. त्यांचा कंट्रोलर, म्हणजे त्यांना चालवणारा मेंदू, इतका जुना की आजच्या लॅपटॉपशी त्याचं जमायचं नाही. त्याच्याशी बोलायला एक जाडजूड, काळा, वीस वर्षांपूर्वीचा लॅपटॉप लागायचा आणि त्या लॅपटॉपच्या कुशीतल्या खाचेत सरकवायचं एक कार्ड. एटीएमच्या कार्डाएवढं, पण जाड आणि पत्र्याचं. एका कडेला केबल, ती प्रेसकडे जाणार. दुसऱ्या कडेला दोन ओळींत बारीक भोकं, ती खाचेतल्या पिनांवर बसणार. ही कार्डं आता कुणी बनवत नाही. कंपनीत असं एकच होतं आणि ते देवकुळ्यांच्या खिशात, खडीसाखरेच्या जुन्या डबीत असायचं.

त्या डबीमुळे माणूस राजा झाला होता. कार्ड काढायच्या आधी ते घड्याळ उतरवायचे, हात साबणाने धुवायचे, स्वतःच्या नॅपकिनला पुसायचे, मग कार्डाच्या भोकांवर फुंकर मारायचे. तोवर चारही प्रेसची लाइन बंद. शिफ्टचे पन्नास जण फरशीवर आखलेल्या पिवळ्या पट्टीमागे उभे. प्लांट हेड नाडकर्णी साहेब आले तरी त्यांनाही पट्टीमागेच थांबावं लागायचं. कार्ड आत गेल्याचा बारीक खटका झाला की देवकुळे मान वर करून सगळ्यांकडे एकदा बघायचे. प्रेस चालू झाल्यावरही एवढं बघत नसत.

त्यांचं एक ब्रीदवाक्य होतं. मशीनला तेल आणि माणसाला अपमान, दोन्ही वेळेवर मिळालं पाहिजे. तेलाचं काम ते इतरांवर सोपवायचे.

माझी पाळी पहिल्याच आठवड्यात आली. मी मोशीची. शाळेत शुद्ध बोलायला शिकले, पण घाबरले की घरचं तोंडातून निघतं. त्यांनी प्रेसचं एक रबरी सील मागितलं, मी शोधलं आणि म्हणाले, "न्हाई सर, संपलंय." त्यांनी मला काउंटरमागून बाहेर बोलावलं, शॉपवर, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये नेलं आणि ऑपरेटरांसमोर तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "ऐका, स्टोअरमधून ज्ञानेश्वरांच्या शेजारच्या गावाची भाषा आली आहे." त्या दिवसापासून माझं नाव मोशी. तीन आठवडे येता जाता लोक मला न्हाई-व्हय करत होते. हसायला सगळे होते. एकानेही म्हटलं नाही की सर, पुरे. मीही घरी कुणाला सांगितलं नाही.

पुढे एकदा त्यांना लहर आली तेव्हा कार्ड माझ्यासमोर धरलं. हात मागे बांधायचे आणि भोकं मोजायची. मी मोजली, चौतीस आणि चौतीस, अडुसष्ट. "यातल्या एका भोकात कोंड्याचा कण गेला," ते म्हणाले, "तर आतली पिन वाकेल. पिन वाकली की लॅपटॉप गेला, लॅपटॉप गेला की लाइन गेली. म्हणून हात मागे." त्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. प्रेस बसवायला जो परदेशी इंजिनिअर आला होता, त्याने यांना दोन महिने असंच हात मागे बांधून उभं केलं होतं. काही शिकवलं नाही. सगळं यांनी नुसतं बघून बघून उचललं. जाताना त्याने कार्ड यांच्या तळहातावर ठेवलं आणि एक शब्दही बोलला नाही. हे सांगताना देवकुळ्यांचा आवाज चक्क मऊ झाला होता. मला वाईट वाटायला हवं होतं. मला एवढंच वाटलं की, बघा, याला ठाऊक आहे कसं वाटतं, आणि तरी करतो.

कामाला माणूस सोन्यासारखा होता, हे मान्य करते. प्रेसच्या खांबाला तळहात लावून कुठलं बेअरिंग जाणार हे आठवडाभर आधी सांगायचा. पण एक लबाडी मला स्टोअरमध्ये बसून कळली. कंट्रोलरची आतली बॅटरी मेली होती. त्यामुळे वीज बंद केली की तो आपला प्रोग्राम विसरायचा. दसऱ्याला दोन दिवस मेन पॅनल बंद ठेवतात, म्हणजे दरवर्षी दसऱ्यानंतरच्या सकाळी लाइन मुकी व्हायची आणि देवकुळ्यांना डबी घेऊन यावं लागायचं. नवी बॅटरी माझ्याकडे कपाटात पडून होती. ती न्यायला मेंटेनन्सची सही लागायची, आणि मेंटेनन्स म्हणजे देवकुळे. दोनदा आठवण केली, तर म्हणाले, "मोशी, तुम्ही डाळ-तांदूळ सांभाळा."

बालाजीचं सांगायलाच हवं. लातूरकडचा मुलगा, डिप्लोमा झालेला, लग्न झालेलं, आमच्याकडे मेंटेनन्सला कंत्राटावर. त्याला ते नावाने हाक मारत नसत, "ए डिप्लोमा" म्हणत. त्याने एकदा फार नम्रपणे विचारलं की सर, कार्डाचं काम मलाही शिकवाल का. देवकुळे म्हणाले, रोज जेवणाच्या सुट्टीत ये. तो पहिल्या दिवशी गेला, तर हे पेपर वाचत होते. अर्धा तास तो डबा हातात धरून उभा राहिला, भोंगा झाला, परत कामाला. असं नऊ दिवस. दहाव्या दिवशी त्याने धीर करून विचारलं, "सर, मी रोज यायलोय, कधी सुरू करायचं?" देवकुळ्यांनी पेपरची घडी केली. "संपलं की शिकवून. वाट बघायला शिकलास. या नोकरीत एवढंच लागतं." ही गोष्ट त्यांनी स्वतः पूर्ण शॉपला सांगितली, रंगवून. बालाजी त्यानंतर कधी काही मागायला गेला नाही. तो नाडकर्णी साहेबांकडे गेला.

नाडकर्णी साहेबांना देवकुळे पाठीमागे "एमबीए" म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं, पण ते चिडणारे नव्हते, लक्षात ठेवणारे होते. त्यांनी बालाजीला बाहेर चौकशी करायला सांगितली. महिन्याभरात एक पार्सल माझ्या काउंटरवर आलं. आत तळहाताएवढा डबा आणि यूएसबीची केबल. साध्या लॅपटॉपला लावा, प्रेसशी बोला. जुना लॅपटॉप नको, कार्ड नको, डबी नको. रविवारी लाइन बंद असताना बालाजीने लावून बघितलं, चाललं. सोमवारी साहेब स्टोअरला आले. म्हणाले, "मॅडम, हे कपाटात ठेवा, कुलपात. देवकुळ्यांना इतक्यात कळायला नको. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, तोवर त्यांना मिरवू दे." मी खोक्यावर आवक तारखेची चिठ्ठी लिहिली, चिकटवली आणि कुलूप लावलं.

दोन वर्षं ते खोकं माझ्या पाठीमागे होतं. देवकुळे रोज काउंटरला यायचे, मोशी म्हणायचे, आणि मी मनात म्हणायची, बोल बाबा, बोल. त्या दोन वर्षांत मला त्यांचा एकदाही राग आला नाही. इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

हळूहळू शॉपवरही बऱ्याच जणांना कळलं. मग गंमत वाढली. प्रेस अडली की लोक मुद्दाम जास्त मागे सरकायचे, कुणी हात जोडायचं, कुणी म्हणायचं, सर आहेत म्हणून कंपनी आहे. देवकुळ्यांना यातलं काही कळलं नाही. खोटी वाहवा ओळखायला खरीची सवय लागते.

आता त्यांचं काय पणाला लागलं होतं ते सांगते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती. त्यांना आणखी दोन वर्षांची मुदतवाढ हवी होती, आणि ती मिळणारच अशी त्यांची खात्री होती. पैशाची अडचण नव्हती. घरची होती. मुलगी परदेशात. बायकोशी बोलणं जेवायला वाढलंय एवढ्यापुरतं. एकदा कँटीनमध्ये कुणीतरी चिडवलं, आता घरी बसून मजा सर, तर ते म्हणाले, "मी घरी महिनाभर बसलो तर मरेन." सगळे हसले. ते हसत नव्हते.

निवृत्तीच्या आधीच्या उन्हाळ्यात शेजारच्या प्लॉटवरच्या एका छोट्या कंपनीचे मालक त्यांना भेटायला आले. त्यांच्याकडेही जुन्या प्रेस होत्या. लगेच या, पाच वर्षं कुठे जाऊ देत नाही, असं म्हणत होते. देवकुळ्यांनी दोन दिवस विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी स्टोअरला आले. काउंटरला कोपर टेकवून उभे राहिले. मला म्हणाले, "उषाताई, तुम्ही सगळ्यांचं ऐकता. मुदतवाढीचं काय वाटतं तुम्हाला? साहेब देतील ना?"

अकरा वर्षांत त्यांनी माझं नाव घेतलं ते तेव्हा. त्यांना माझं नाव ठाऊक आहे हेच मला माहीत नव्हतं. कपाट माझ्या पाठीला लागलेलं होतं. मी एवढंच म्हटलं असतं की सर, मिळतंय ते घ्या, तर काही फुटलं नसतं, कुणाचं गुपित गेलं नसतं.

मी म्हणाले, "सर, तुमच्याशिवाय कंपनीला आहे कोण?"

त्यांचा चेहरा उजळला. त्याच संध्याकाळी त्यांनी त्या मालकांना गेटवर, चार लोकांसमोर नाही म्हणून सांगितलं. आणि नुसतं नाही म्हणतील तर ते देवकुळे कसले. म्हणाले, मी इथून हललो तर ही लाइन बसेल, मग तुम्ही दिवस घालायला या. मालक गाडीत बसले. दुसऱ्या दिवसापासून मी परत मोशी.

मुदतवाढीचं विचारलं की नाडकर्णी साहेब म्हणायचे, दसऱ्यानंतर बघू. म्हणून त्या वर्षीची खंडेनवमी देवकुळ्यांनी फारच मनावर घेतली. खंडेनवमीला आमच्याकडे मशीन धुवून पुसून झेंडूच्या माळा घालतात, हत्यारं पाटावर मांडून पूजा करतात. एरवी ते बंद लॅपटॉप तेवढा पाटावर ठेवायचे, कार्ड खिशात. त्या वर्षी कार्डही काढलं. लाल कापडावर लॅपटॉपला टेकवून उभं केलं, सगळ्यांना दिसावं म्हणून भोकांची कड वर. साहेबांनी त्याला हात जोडावेत अशी त्यांची इच्छा होती.

पूजेला बालाजी बसला होता. तो देवाधर्माचा माणूस, सगळं मनापासून करणारा. पाने-हातोडे झाले, लॅपटॉप झाला, आणि त्याने ओलं कुंकू बोटावर घेऊन विचारलं, "सर, ह्याला बी लावू का?"

देवकुळे साहेबांकडे बघत होते. मान न वळवता म्हणाले, "देवाला काय विचारून लावतात?"

बालाजीने लावलं. घरी देवाच्या टाकाला लावतो तसं, हळद, मग पाणी सुटलेलं कुंकू, वर अक्षता. कार्डाच्या वरच्या कडेवरच. मी पेढ्यांचं ताट घेऊन दोन हातांवर उभी होते. कुंकवाचा ओघळ भोकांत उतरताना मला दिसला. तांदळाची एक कणीही अडकलेली दिसली. अडुसष्ट भोकं मोजलेली बाई मी, मला काय होणार हे कंपनीत सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. समोर साहेबांनी हात जोडले होते आणि देवकुळे ते डोळे भरून बघत होते. नंतर त्यांनी कार्डाची पाठ-पोट नॅपकिनने पुसली आणि डबीत टाकलं. मी त्यांना पेढा दिला. त्यांनी दोन घेतले.

दसरा आणि रविवार गेला. सोमवारी सकाळी मेन पॅनल चालू केलं, लाइन नेहमीसारखी मुकी. त्या दिवशी पट्टीमागे शिफ्टची माणसं तर होतीच, मुंबईहून आलेले दोन मोठे साहेबही होते. नाडकर्ण्यांनीच आणले होते. देवकुळ्यांना वाटलं, मुदतवाढीचंच असणार. घड्याळ काढलं, हात धुतले, पण बोलण्याच्या नादात फुंकर मारायची राहिली. कार्ड खाचेत घातलं. अर्ध्यावर अडलं. काढून पुन्हा घातलं, अडलं. मागे कुणीतरी खोकलं. मग त्यांनी ते केलं, जे दुसऱ्याने केलं असतं तर त्यांनी त्याला कामावरून काढायला लावलं असतं. अंगठ्याने जोर दिला. आत काहीतरी करकरलं.

कार्ड बाहेर काढलं तेव्हा कडेला लाल होतं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, खाचेत बघितलं आणि तसेच वाकून राहिले. वाकलेल्या पिना त्यांना दिसल्या असणार.

नाडकर्णी साहेब मला म्हणाले, "मॅडम, ते आणा."

मी खोकं आणलं. चालत आणलं, सावकाश. बालाजी पुढे झाला, साधा लॅपटॉप उघडला, केबल जोडली. दहा मिनिटांत पहिली प्रेस खाली आली, पहिला पत्रा निघाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बालाजीने वळून म्हटलं, "सर, जरा पट्टीच्या मागं होता का?" मी त्याच्याकडे बघितलं, त्यात थट्टा नव्हती. केबल त्यांच्या पायात येत होती. पण टाळ्यांपेक्षा मोठं हसू त्या वाक्याला फुटलं.

देवकुळे मागे झाले. रिकामं खोकं माझ्या हातात होतं, ते त्यांनी मागून घेतलं. वरची चिठ्ठी वाचली. दोन वर्षांपूर्वीची तारीख. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात विचारलं, "अक्षर तुमचं आहे ना?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी खोकं परत दिलं आणि मेंटेनन्सच्या खोलीत जाऊन बसले. उन्हाळ्यात काउंटरवर मी काय बोलले होते ते त्यांना तेव्हा आठवलं की नंतर, मला माहीत नाही. पण नंतरचे दीड महिने ते स्टोअरला फिरकले नाहीत. काही लागलं तर चिठ्ठी पाठवत. शेजारच्या मालकांकडेही गेले होते म्हणे एकदा. तिथे माणूस घेऊन झाला होता.

निरोप समारंभ नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी, कँटीनमध्ये. शाल, श्रीफळ, फोटो. भाषणात नाडकर्णी साहेब म्हणाले, सरांची ज्यावर श्रद्धा होती ते दैवत आपण सरांबरोबरच पाठवतोय, आणि त्यांनी तो मेलेला लॅपटॉप झेंडूची माळ घालून देवकुळ्यांच्या हातात दिला. कार्डही वर ठेवलं. हशा इतका झाला की वाढपीसुद्धा आत येऊन बघू लागला. देवकुळ्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. भाषण करा म्हटलं, तर मानेनेच नको म्हणाले.

कंपनीतून काहीही बाहेर न्यायचं तर गेटपास लागतो, आणि तो स्टोअर करतं. पासावर प्रकार निवडायचा असतो. दुरुस्तीसाठी, परत येणारं, भंगार, इतर. भेटवस्तू "इतर"मध्ये टाकतात. मी "भंगार" निवडलं. चुकून नाही.

भंगार गेटवर वजन केल्याशिवाय सोडत नाहीत, मग किलोभर असो की ट्रकभर. स्टोअरच्या खिडकीतून गेट सरळ दिसतं. देवकुळे शाल पांघरलेले, हातात लॅपटॉप, वॉचमन शिंदे पास उलटसुलट बघतोय. मग माझा फोन वाजला.

"मॅडम, सर म्हणतायत भेट मिळालीय. पासावर भंगार लिवलंय. काय करू, सोडू का?"

फोनवर त्याच्या मागे वाऱ्याचा आवाज येत होता. देवकुळे खिडकीकडे बघत होते. एवढ्या लांबून मी त्यांना दिसत असेन असं नाही, पण बघत होते, माझ्या उत्तराची वाट बघत.

मी म्हटलं, "पासावर आहे तसं करा."

शिंदेने हात पुढे केला, पण देवकुळ्यांनी त्याला लॅपटॉपला हात लावू दिला नाही. त्यांनी झेंडूची माळ काढून बाजूला ठेवली, कारण तिचं वजन भंगारात धरायचं नसतं, आणि लॅपटॉप स्वतःच काट्यावर ठेवला.